जुनी ब्रिटिश नाणी: जमवणं, ग्रेड लावणं आणि खरं-खोटं ओळखणं

बर्मिंगहॅमकर

मंडळी नमस्कार. हा धागा काढायचं खूप दिवस डोक्यात होतं, आज मुहूर्त लागला. मी बारा वर्षं झाली बर्मिंगहॅमला राहतोय आणि त्यातली अकरा जुनी इंग्लिश नाणी गोळा करतोय. सुरुवात झाली एका रविवारी कार बूट सेलमध्ये, म्हणजे मैदानात गाडीची डिकी उघडून लोक घरातलं जुनं सामान विकायला मांडतात, आपल्याकडच्या जुन्या बाजारासारखंच. एका आजोबांकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता आणि आत दोन-अडीच किलो काळी पडलेली पेनी नाणी, अख्खा डबा १५ पौंडांना. घरी आणून टेबलावर ओतली, एकेक सन लावत बसलो, आणि घड्याळ बघितलं तर रात्रीचे दोन. त्या रात्रीपासून जे लागलंय ते लागलंच.

नवीन लोकांसाठी थोडं मुळापासून सांगतो. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत इथे बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगचा पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्स. आपल्या आजी-आजोबांना चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया जसा तोंडपाठ होता तसंच हे. फार्दिंग म्हणजे पाव पेनी, मग हाफपेनी, पेनी, थ्रीपेन्स, सिक्सपेन्स, शिलिंग, दोन शिलिंगचा फ्लोरिन, अडीच शिलिंगचा हाफ क्राउन आणि पाच शिलिंगचा क्राउन. चांदीच्या नाण्यांचं सोपं गणित असं की १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी, १९२० ते १९४६ निम्मी, आणि १९४७ पासून चांदी नाहीच, तांबं-निकेल. (मौंडी नाणी म्हणून राजाच्या दानाची खास नाणी असतात ती वेगळी, ती सोडा.) सन वाचता आला की धातू कळला.

आणि मी ज्या गावात राहतो तेच या नाण्यांचं एक माहेर आहे. मॅथ्यू बोल्टनची सोहो टाकसाळ इथलीच, तिथे वाफेच्या यंत्रावर १७९७ सनाची ती प्रसिद्ध कार्टव्हील पेनी पाडली, रुंद जाड कड आणि त्या कडेत आत खोदलेली अक्षरं, वजन बरोबर एक औंस, आणि तिचा मोठा भाऊ टूपेन्स दोन औंसाचा. तो टूपेन्स पहिल्यांदा तळहातावर घेतला तेव्हा हात खाली गेला हो, ५६ ग्रॅमच्या वर तांबं एका नाण्यात! ती टाकसाळ बंद पडल्यावर १८५० मध्ये तिची यंत्रं लिलावात राल्फ हीटनने घेतली, आणि पुढे लंडनच्या रॉयल मिंटला काम झेपेना तेव्हा पेनी हीटनकडून पाडून घ्यायचे. १८७४, ७५, ७६, ८१, ८२ च्या काही पेनींवर सनाखाली बारीक एच अक्षर असतं ते हीटनचं. १८७५ ची एच फक्त साडेसात लाखांच्या आसपास पाडली, त्यामुळे काळ्याकुट्ट पेनींच्या ढिगात ती दिसली की माझा हात थरथरतो, खरंच सांगतो.

आता जे सांगायला हा धागा काढला ते. त्या डब्यात मला १८६९ ची पेनी मिळाली होती. मिळायला अवघड साल आहे ते, आणि व्हिक्टोरिया राणीच्या अंबाड्याचे केसही बरे दिसत होते. मी काय केलं तर लिंबू आणि मीठ लावून घासली. लखलखीत गुलाबी झाली. आठवड्याने एका जुन्या विक्रेत्याला दाखवली, त्याने भिंग लावलं, नाणं टेबलावर ठेवलं आणि इतकंच म्हणाला की दीडशे वर्षांचा रंग तू दहा मिनिटांत काढलास. तो रंग परत येत नाही. म्हणून ज्यांच्या घरी जुनी नाणी आहेत त्यांना हात जोडून विनंती, चिंच, लिंबू, रिठा, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, काही काही लावू नका. आधी इथे दाखवा.

प्रश्न विचारा, फोटो टाका. मला जेवढं येतं तेवढं सांगेन, बाकीचे जाणकार आहेतच.

मुक्ता_सातारा

किती छान लिहिलंय. वाचता वाचता उठून आजीची डबी काढली. तिच्याकडे तीन गिन्या आहेत, तिच्या सासूबाईंच्या माळेतल्या, माळ वाटणीत मोडली आणि तिच्या वाट्याला तीन आल्या. सन १९११, १९१७ आणि १९१८. तिघींनाही कड्या होत्या, दोघींच्या निघाल्यात, १९१८ वालीला डाख अजून तसाच आहे. सराफ म्हणतात सोन्याच्या भावाने घेतो. गिनी म्हणजे ब्रिटिश नाणंच ना? आणि मी रिठ्याच्या पाण्यात घालणारच होते, थांबले.

बर्मिंगहॅमकर

मुक्ताताई थांबलात ते फार बरं केलंत.

खरी गिनी वेगळी, ती १६६३ पासून १८१४ पर्यंत पाडली आणि शेवटी शेवटी एकवीस शिलिंगची होती. आपल्या बोलण्यात मात्र सॉव्हरिनलाच गिनी म्हणतात, माझी आई पण तेच म्हणते. सॉव्हरिन १८१७ पासून, एक पौंडाची. वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, सोनं २२ कॅरट, त्यातलं शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. मागे घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि खाली ड्रॅगन, ते चित्र बेनेडेट्टो पिस्त्रुची या इटालियन कारागिराचं, सनाच्या उजव्या हाताला बी.पी. अशी त्याची बारीक आद्याक्षरं असतात.

आपल्याकडे घराघरात या आल्या कशा, तर १८९९ च्या कायद्याने सॉव्हरिन हिंदुस्थानात पंधरा रुपयांना अधिकृत चलन झाली. लोकांनी ती खर्चायला कशाला ठेवली असती, कडी लावून गळ्यात घातली.

आता तुमच्या तिघी. सनाच्या अगदी वर जमिनीची जी पट्टी आहे, ज्यावर घोडा उभा आहे, तिथे भिंगाने बघा. टाकसाळीचं अक्षर असेल. एस म्हणजे सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ, सी कॅनडातलं ओटावा, एसए दक्षिण आफ्रिका, आणि आय म्हणजे आपली मुंबई! फोर्टातल्या टाकसाळीत रॉयल मिंटची शाखा १९१८ मध्ये उघडली कारण युद्धामुळे सोनं लंडनला नेणं धोक्याचं झालं होतं, पुढच्याच वर्षी ती बंद झाली. त्या एका सनाच्याच साधारण १३ लाख सॉव्हरिन तिथे पडल्या. अक्षर नसेल तर लंडन.

१९११ बिनअक्षराची असेल तर काळजी नको, लंडनने त्या वर्षी सुमारे तीन कोटी पाडल्या. १९१८ बिनअक्षराची असूच शकत नाही, लंडनला त्या वर्षी सॉव्हरिन पाडलीच नाही, १९१७ नंतर तिथे थेट १९२५ चा सन. आणि १९१७ बिनअक्षराची असेल तर... आधी बघा, मग बोलू.

गुजरीकर

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आमची तिसरी पिढी. बर्मिंगहॅमकरांनी लिहिलं ते बरोबर हाय, एक भर घालतो. गिनी दुकानात आली की पूर्वी पहिल्यांदा कसोटीच्या दगडावर घासायचे, आमचे आजोबा पण तेच करत, त्यांना सोन्याशी मतलब, नाण्याशी नव्हता. त्यानं कस कळतो पण काठाचे दाते एका जागी सपाट होतात आणि नाणं म्हणून त्याची किंमत तिथंच उतरते. मुक्ताताई, कोणी दगड काढला तर सरळ नको म्हणा. आता मशीनवर न घासता कस कळतो, मोठ्या पेढ्यांत असतंय ते मशीन.

दुसरं म्हणजे सोनं खरं निघालं म्हणून नाणं खरं असं नसतंय. हे लोकांना पटवायला फार जड जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर सॉव्हरिनला नुसत्या सोन्यापेक्षा जास्त भाव मिळायचा, त्यामुळं बैरूत आणि इटलीकडं पूर्ण २२ कॅरट सोन्याच्या बनावट गिन्या पाडल्या. आमच्याकडं अशा दोन आल्यात. कस बरोबर, वजन बरोबर, आणि तरी बघितल्यावर डोळ्याला टोचतंय. अक्षरं साबण लावल्यासारखी गुळगुळीत, घोड्याच्या मानेवरचे केस एकमेकांत मिसळलेले, मोकळ्या जागेत बारीक पुटकुळ्या. वितळवायला हरकत नाही, संग्रहाला नाही.

नवखा_संग्राहक

माझा पण एक प्रश्न. मामांनी एक १९३३ ची पेनी आणलीय, ऑनलाइन वाचलं की ती लाखो रुपयांना जाते. फोटो टाकलाय. घाई नाही पण झोप उडालीय.

थेम्सकाठ

मी लंडनला असते, नाण्यांच्या मेळ्यांना वीस वर्षं जातेय. नवखादादा, मनाची तयारी ठेवून वाचा.

१९३३ मध्ये बाजारात इतक्या पेनी पडून होत्या की नव्या पाडायची गरजच नव्हती. पण त्या वर्षी ज्या इमारतींचे पायाभरणीचे दगड बसले त्यांच्याखाली चालू सनाची नाणी ठेवायची पद्धत, म्हणून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पाडल्या, सातच्या आसपास. त्यातली एक लीड्समधल्या मिडलटनच्या चर्चच्या दगडाखालून १९७० मध्ये चोरीला गेली. दुसऱ्या एका चर्चच्या दगडाखालची मग चोरी व्हायच्या आधी काढूनच घेतली आणि विकली. म्हणजे या पेनी कुठे कुठे आहेत हे जवळजवळ माहीत आहे, डब्यात सापडायला जागाच नाही.

तुमच्या फोटोत शेवटचा ३ बघा, आधीच्या ३ पेक्षा त्याचं पोट जाड आहे आणि भोवतीची जमीन खरवडल्यासारखी. १९३५ किंवा १९३८ चा शेवटचा आकडा कोरून ३ केलेला असतो. मामांना सांगताना जपून सांगा, त्यांनी हौसेने आणलीय.

नवखा_संग्राहक

थेम्सकाठताई आभार. वाईट वाटलं पण आता दोन ३ मधला फरक मलाही स्पष्ट दिसतोय. म्हणजे दुर्मिळ साल दिसलं की आधी संशयच घ्यायचा का?

थेम्सकाठ

हो, आणि याचीच यादी डोक्यात ठेवायची. चांदीत १९०५ चा हाफ क्राउन, सातव्या एडवर्डचा, फक्त १ लाख ६६ हजार पाडला, त्याचे नकली भरपूर फिरतात. १९३४ चा रीथ क्राउन फक्त ९३२, तो कोणी तुम्हाला स्वस्तात देणार नाही. १८४७ चा गॉथिक क्राउन, विल्यम वायनचा, ८ हजार, इतका देखणा की त्याच्या चिनी नकला ढिगाने निघतात, हलक्या आणि काठावरची अक्षरं चुकलेली. मेळ्यात टेबलावर गॉथिक क्राउन दिसला की मी समोरची बाजू बघतच नाही, आधी काठ बघते.

शाळामास्तर_वाई

काठाचा विषय निघाला म्हणून लिहितो. हातोडीने पाडलेली जुनी चांदीची नाणी लोक कात्रीने काठ कातरून बारीक करत, कातरलेली चांदी खिशात आणि नाणं त्याच किमतीला पुढे. १६६२ पासून यंत्रावर गोल नाणी निघू लागली आणि मोठ्या नाण्यांच्या काठावर डेकस एट ट्युटामेन ही लॅटिन अक्षरं आली, म्हणजे शोभाही आणि संरक्षणही. तरी जुनी कातरलेली नाणी चालतच राहिली, शेवटी १६९६ मध्ये सगळी गोळा करून नव्याने पाडायचं ठरलं, आणि त्याच वर्षी टाकसाळीत अधिकारी म्हणून आले आयझॅक न्यूटन. विद्यार्थ्यांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. न्यूटन स्वतः नकली नाणी करणाऱ्यांच्या मागे लागले, साक्षी गोळा केल्या, आणि विल्यम चॅलोनर नावाच्या नकली नाणेवाल्याला १६९९ मध्ये फाशी झाली. त्या वेळी ब्रिस्टल, चेस्टर, एक्सेटर, नॉर्विच, यॉर्क इथे तात्पुरत्या टाकसाळी उघडल्या, तिसऱ्या विल्यमच्या चेहऱ्याखाली त्या गावाचं अक्षर सापडतं. माझ्याकडे एक झिजलेला सिक्सपेन्स आहे एक्सेटरचा. राजाचं नाक गेलंय पण ई शाबूत आहे, आणि मला तो सगळ्यात प्रिय आहे.

जुनाबाजार_पुणे

मास्तर, सुंदर. आता ग्रेडिंगवर, म्हणजे झीज बघून नाण्याचा दर्जा लावतात त्यावर, कोणीतरी नीट बोला राव. मी मागच्या महिन्यात ऑनलाइन पाचव्या जॉर्जच्या पेनी घेतल्या, लिहिलं होतं एक्स्ट्रीमली फाइन, हातात आल्यावर मला तर व्हेरी फाइन पण वाटेनात. विक्रेता म्हणतो स्ट्राइकच, म्हणजे पाडतानाचा ठसाच, कमजोर आहे, झीज नाही. खरं काय?

बर्मिंगहॅमकर

जुनाबाजार, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे कारण तुम्ही दोघेही थोडे थोडे बरोबर असू शकता.

इंग्लंडमधल्या पायऱ्या अशा: फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड, आणि प्रूफ नाण्यांसाठी, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांसाठी, एफडीसी, म्हणजे अगदी निर्दोष. फाइन म्हणजे खरं तर बऱ्यापैकी झिजलेलं, नावावर जाऊ नका. व्हेरी फाइनला केसांच्या मुख्य बटा दिसतात, एक्स्ट्रीमली फाइनला फक्त सगळ्यात उंच टोकांवर किंचित घासलेलं. दोन्ही बाजूंना वेगळी ग्रेड पण देतात, पुढे व्हेरी फाइन, मागे एक्स्ट्रीमली फाइन अशी.

आता पाचव्या जॉर्जची गंमत नाही, अडचण. बर्ट्रम मॅकेनलने केलेला चेहरा इतका उठावदार होता की दाब बसताना धातू सगळा पुढच्या बाजूला ओढला जायचा आणि मागे ब्रिटानियाला, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या शिरस्त्राणवाल्या बाईला, पुरायचाच नाही. म्हणून कितीतरी पेनींच्या मागे राजाच्या डोक्याची अंधुक सावली दिसते, त्याला घोस्टिंग म्हणतात. टाकसाळीने वर्षानुवर्षं यावर डोकं चालवलं, १९२६ मध्ये चेहरा थोडा बदलला, आणि १९२८ पासून डोकं लहान केलं तेव्हा कुठे सुटलं. त्यामुळे त्याआधीच्या पेनीची ब्रिटानिया कोरी करकरीत असूनही सपाट दिसू शकते.

मग झीज आणि कमजोर ठसा वेगळे कसे ओळखायचे, तर प्रकाशाने. एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू तिरपं करत फिरवा. कधीच न वापरलेल्या नाण्यावर टाकसाळीची चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते आणि ती सपाट जागेवरूनही न तुटता जाते. झिजलेलं असेल तर उंच भागावर ती चमक तुटते, तिथला रंग मातकट असतो. राजाची भुवई, गालाचं हाड, कान आणि दाढी बघा, मागे ब्रिटानियाचा गुडघा आणि शिरस्त्राण. राजाची भुवई घासलेली आणि विक्रेता म्हणतोय स्ट्राइक कमजोर, तर तो चुकतोय. राजा टवटवीत आणि ब्रिटानियाच सपाट असेल तर त्याचं म्हणणं बरोबर.

फोटोवरून हे ठरत नाही, म्हणून मी ऑनलाइन घेताना परत करायची सोय नसेल तर पाचव्या जॉर्जच्या पेनीला हात लावत नाही.

जुनाबाजार_पुणे

आत्ता बघितलं. सहापैकी चारांची भुवई गेलीय. दोनच खरंच कमजोर ठशाच्या. हे मला कोणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं, दंडवत. मग असं सगळं असेल तर स्लॅबवालीच का घेऊ नयेत? अमेरिकन कंपन्या प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत आकडा लिहून देतात, वाद मिटला.

थेम्सकाठ

वाद मिटत नाही, पुढे ढकलला जातो. अमेरिकेची ग्रेडची सत्तर आकड्यांची पट्टी वेगळी आणि इथली जुन्या लोकांची नजर वेगळी, तिथे एक्स्ट्रीमली फाइन म्हणतील ते इथे बऱ्याचदा व्हेरी फाइनमध्ये बसतं. शिवाय डब्या पण नकली येतात आता, आतल्या नाण्यासकट. आणि मला काठ बघता येत नाही, नाणं हातात धरता येत नाही. मी डबी घेत नाही.

बर्मिंगहॅमकर

ताई, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. महाग सोन्याचं नाणं असेल आणि घेणारा पुण्यात किंवा नागपुरात बसलाय, ज्याच्या आसपास दाखवायला एकही जाणकार नाही, त्याला तिसऱ्या माणसाचं मत पाहिजेच. कंपनीच्या साइटवर नंबर टाकून त्यांनी काढलेला फोटो आणि आपल्या हातातलं नाणं ओरखड्याला ओरखडा जुळवायचा, नुसता नंबर जुळला म्हणून भागत नाही. पाच पौंडांच्या पेनीला डबी हा पैशांचा चुराडा, तिथे तुमचंच बरोबर.

थेम्सकाठ

ओरखडा जुळवायचं मान्य. सोन्यापुरतं मान्य करते, पेनीपुरतं नाही.

वकीलसाहेबा_ठाणे

भारतातल्यांनी बाहेर ग्रेडिंगला पाठवायच्या आधी एक लक्षात घ्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेषात, म्हणजे जतन करायच्या जुन्या वस्तूंत, धरलंय, नाणं हा शब्द कायद्यात सरळ लिहिलेला आहे. असं नाणं देशाबाहेर पाठवायचा अधिकार केंद्र सरकार आणि त्यांनी नेमलेल्या संस्थेलाच. नाणं मुळात ब्रिटिश आहे म्हणून सूट नाही. मुक्ताताईंच्या तिन्ही गिन्या शंभरी ओलांडलेल्या आहेत, पोस्टाने किंवा कोणाच्या बॅगेतून लंडनला पाठवू नका. घरात ठेवायला, वापरायला काही अडचण नाही.

मुक्ता_सातारा

अरे बापरे, भाऊ पुढच्या महिन्यात लंडनला जाणार आहे आणि मी हेच ठरवत होते. मनापासून आभार.

गिरगावातला

माझ्याकडे आजोबांचा एक मोठा चांदीचा डॉलर आहे, त्यावर त्रिशूळ घेतलेली बाई उभी आहे आणि मागे चिनी अक्षरं. हा ब्रिटिश कसा काय?

बर्मिंगहॅमकर

ती ब्रिटानियाच. ब्रिटिश ट्रेड डॉलर, १८९५ पासून पूर्वेकडच्या व्यापारासाठी, आणि जास्त करून मुंबईच्याच टाकसाळीत पाडलेला, म्हणजे तुमच्या गिरगावापासून हाकेच्या अंतरावर. त्रिशुळाच्या मधल्या पात्यावर बारीक बी आहे का बघा, ते मुंबईचं. वजन २६.९५ ग्रॅम पाहिजे, ९० टक्के चांदी. पण याची नक्कल फार म्हणजे फार होते. आधी लोहचुंबक लावा, चिकटला तर विषय संपला. नाही चिकटला तरी वजन कराच, पितळेवर चांदीचं पाणी दिलेले चिकटत नाहीत.

गिरगावातला

२६.८ भरला, चुंबक नाही लागला, बी आहे. काठावर दाते सगळीकडे सारखे. आजोबा गोदीत कामाला होते, तिथूनच आला असणार. नीट ठेवतो.

गुजरीकर

मुक्ताताईंसाठी घरच्या घरी करायची एक तपासणी सांगतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा, नाण्याला बारीक दोरा बांधून पूर्ण पाण्यात सोडा, तळाला आणि बाजूला टेकू द्यायचं नाही. आता काटा जो आकडा दाखवेल त्यानं कोरड्या वजनाला भागा, ती घनता. २२ कॅरटच्या गिनीला साडेसतराच्या आसपास यायला पाहिजे. एकेका नाण्याला काट्याची चूक मोठी पडते म्हणून एकेक करून झालं की तिन्ही एकत्र पण करा. आणि वजन ७.९४ च्या खाली गेलेली सॉव्हरिन पूर्वी चलनातून बाद धरायचे, तेवढी झीज चालायची.

मुक्ता_सातारा

केलं! आजी शेजारी खुर्ची ओढून बसली होती, दोरा तिनेच बांधला.

१९११: ७.९७. १९१७: ७.९५. १९१८ डाखासकट: ८.०६. तिन्ही मिळून २३.९८ आणि पाण्यातला आकडा १.३७, म्हणजे १७.५. व्यास तिघींचा २२ च्या किंचित वर. १९११ ला अक्षर नाही. १९१८ ला आय आहे!!! मुंबईची! पण १९१७ ला मला काहीच दिसत नाहीये आणि तुम्ही तिथे वाक्य अर्धं सोडलं होतं.

बर्मिंगहॅमकर

मुंबईच्या आयबद्दल अभिनंदन. तो डाख अजिबात काढू नका, काढताना उष्णता लागते आणि काठ जातो, कडीची खूण असलेलं नाणं तसंही लोक एक्स-माउंट म्हणून कमी भावातच धरतात, पण अर्धवट साफ केलेलं त्याहून वाईट.

१९१७ चं आता सांगतो. लंडनने त्या वर्षी दहा लाखांच्या वर पाडल्या पण जवळपास सगळ्या वितळल्या गेल्या, उरल्या अगदी थोड्या. म्हणून बिनअक्षराची १९१७ समोर आली तर ती खूप मौल्यवान किंवा, बहुतेक वेळा, गुजरीकरांनी सांगितलेली पूर्ण सोन्याची नक्कल. अशा नकलेचं वजन आणि घनता दोन्ही बरोबरच येतात, त्यावरून कळणार नाही. पण शंभर वर्षांच्या माळेत घामाचा आणि कुंकवाचा मळ त्या पट्टीत बसलेला असू शकतो. औषधांच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणा, काचेच्या वाटीत दोन दिवस बुडवून ठेवा, पाणी बदला, घासायचं नाही, कापडाने पुसायचं पण नाही, टिश्यूवर ठेवून आपोआप वाळू द्या. मग दिवा बाजूने धरून बघा, वरून नाही.

थेम्सकाठ

आणि वाळल्यावर जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात परत घालू नका, पीव्हीसी असतं ते, हिरवट चिकट थर धरतो. मायलरचं पाकीट, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या प्लॅस्टिकचं, आणि डबीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी, सातारचा पाऊस आहे तुमच्याकडे.

मुक्ता_सातारा

चौथ्या दिवशी लिहितेय. पाणी दोनदा बदललं, तळाला लालसर गाळ बसला होता. आज सकाळी खिडकीत बाजूच्या उजेडात धरली आणि सनाच्या वर, ९ आणि १ च्या मध्ये कुठेतरी, बारीक उभी रेघ आणि वर छोटं पोट. पी. भिंगातून मोबाइलने फोटो काढलाय, टाकलाय, तुम्ही पण बघा.

बर्मिंगहॅमकर

स्पष्ट पी. पर्थ, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या खाणींतल्या सोन्यासाठी काढलेली टाकसाळ. त्या वर्षी त्यांनी चाळीस लाखांवर पाडल्या, म्हणजे दुर्मिळ नाही, पण घोड्याची आयाळ, अक्षरांच्या कडा, सगळं जसं असायला पाहिजे तसं आहे. खरी आहे हो.

गुजरीकर

फोटो बघितला. खरी. सोन्याच्या भावाच्या खाली कुणाला देऊ नका.

मुक्ता_सातारा

द्यायच्याच नाहीयेत आता. आजीला तिन्ही गावांची नावं सांगितली, लंडन, पर्थ, मुंबई. तिने मुंबईची उचलून वेगळ्या रुमालात बांधली आणि म्हणाली ही तुझी. मायलरची पाकिटं मागवलीत, तोवर रुमालातच आहे.